पहिल्या वेताची सशीण आणि मेलेली पिल्लं : सकाळी पेटी उघडल्यावर काय बघायचं

सकाळी साडेसहाला फोन वाजला की उचलायच्या आधीच मला विषय कळतो. "ताई, रात्री सशीण व्याली. सात होती. पाच जाळीवर गार पडलीत, दोन तिनं खाल्लीत. औषध काय देऊ?"

थंडीत असे फोन जास्त येतात आणि दिवाळीच्या चार दिवसांत तर हमखास. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. फलटण तालुक्यात पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या २२ माद्या आहेत, बहुतेक न्यूझीलंड व्हाइट आणि थोड्या सोव्हिएत चिंचिला. सुरुवातीच्या वर्षी पहिल्या सहा वेतांपैकी चार माझ्या हातानं वाया गेले. हातानं म्हणते कारण त्यात माद्यांचा दोष फार थोडा होता.

औषध काहीच द्यायचं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत मरणारी बहुतेक पिल्लं थंडीनं मरतात. भुकेचा नंबर त्यानंतर लागतो आणि रोगाचा तर फारच मागे. सशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे बंद, कान बंद, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. स्वतःचं अंग गरम ठेवायची ताकद त्याच्यात जवळजवळ नसतेच. भावंडांच्या ढिगात, आईच्या केसांच्या गादीत असलं तरच ते जगतं. ढिगाबाहेर चार बोटं जरी पडलं तरी रात्रीत खलास.

आत्ता पिल्लं गार पडली असतील तर

बाकीचं नंतर वाचा. आधी पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीवरची, जाळीखालची सगळी पिल्लं गोळा करा. मेलेलं दिसतंय म्हणून फेकू नका. गारठलेलं पिल्लू कडक होतं, निळसर-राखाडी दिसतं, हलत नाही, श्वासही दिसत नाही. गरम केल्यावरही हललं नाही, तेव्हाच ते मेलं असं धरायचं.

एका डिसेंबरात जाळीखालच्या लेंड्यांवर पडलेलं एक पिल्लू मला सापडलं. हाताला फ्रिजमधल्या काकडीसारखं गार. मुलगा म्हणाला, "आई, टाक ते." मी ते ब्लाउजच्या आत काखेशी धरलं आणि चुलीवर चहा ठेवला. चहा गाळेपर्यंत काही नाही. कप अर्धा झाला तेव्हा मागचा एक पाय झटकल्यासारखा झाला, मग त्यानं तोंड वासलं, जांभई दिल्यासारखं, आणि पोटाकडची कातडी हळूहळू गुलाबी होत गेली. पुढे ती मादी निघाली आणि तीन वर्षं माझ्याकडे होती.

काखेत धरणं सगळ्यात सोपं. पिल्लं जास्त असतील तर गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून तिच्याभोवती ठेवा. फारच कडक पडलेलं असेल तर अंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्यात, म्हणजे ३८-३९ अंशांच्या, मान हातात वर धरून दोन-तीन मिनिटं बुडवा आणि लगेच कोरडं खडखडीत पुसा. ओलं राहिलं तर केलेलं सगळं पाण्यात. चुलीशेजारी ठेवू नका, एका बाजूनं भाजतं आणि दुसऱ्या बाजूनं गारच राहतं. आणि गार पिल्लाच्या तोंडात दूध घालायचं नाही. त्याला ते पचत नाही, गिळताही येत नाही, थेट फुप्फुसात जातं. आधी ऊब, दूध मग.

गुलाबी होऊन वळवळायला लागली की कोरड्या पेटीत (विण्यासाठी पिंजऱ्यात ठेवतो त्या खोक्यात), केसांत, सगळी एका ढिगात ठेवा.

"ती पिल्लांजवळ जातच नाही"

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि बहुतेक वेळा ती तक्रार नसतेच. गाय वासराला चाटते, कुत्री पिल्लांना कुशीत घेऊन झोपते, हे आपण बघत आलेलो. सशीण यातलं काही करत नाही. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या रानटी सशापासून आलेला. तिकडची मादी पिल्लं वेगळ्या बिळात घालते, तोंड मातीनं बुजवते आणि निघून जाते. दिवसातून एकदा येते, तीन-चार मिनिटं पाजते, पुन्हा बीळ बुजवून गायब. सतत ये-जा केली तर कोल्ह्याला पत्ता लागेल, असं ते गणित. तुमच्या पिंजऱ्यातली मादी हेच करते. रात्री किंवा पहाटे कधीतरी पेटीत उडी मारते, उभ्यानं पाजते आणि बाहेर येऊन दिवसभर कोपऱ्यात अशी बसते की जणू पिल्लं शेजाऱ्याची आहेत.

एवढ्याशा वेळात पिल्लं पितात कशी? आचळाजवळच्या वासावर. दुधातला एक विशिष्ट गंध पिल्लांना आचळाकडे खेचतो, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं. आंधळं-बहिरं पिल्लू काही सेकंदांत आचळ पकडतं आणि एका बैठकीत आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं दूध ओढतं. दूधही घट्ट, प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणून एक वेळ पुरते.

आपला गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या माळावरचा रानससा वेगळ्या जातीचा प्राणी आहे. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. ऊसतोडीत ती पिल्लं पाहिलेला माणूस पाळीव सशाची उघडी, आंधळी पिल्लं बघून म्हणतो, "अपुऱ्या दिवसांची झाली वाटतं." तशी नसतात. पुऱ्या दिवसांची अशीच असतात.

तेव्हा मादी पाजते की नाही हे मादीकडे बघून कळणार नाही. पिल्लाचं पोट बघा. प्यायलेल्या पिल्लाचं पोट टम्म, कातडी ताणलेली, आणि पातळ कातडीतून डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा चक्क दिसतो. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतते, मानेशी घडी पडते, पोट खपाटीला जातं. पेटीवर हात नेला की उपाशी पिल्लं चूंचूं करत उसळतात; पोट भरलेली फार तर कूस बदलतात. हे रोज सकाळी एकदा बघायचं. दिवसातून पाच वेळा नाही.

बघताना हात लावला तर आई टाकून देते, ही समजूत सोडा. तुमचा हात तिच्या ओळखीचा असेल तर काही होत नाही. मी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवते, मूठभर शेवग्याचा पाला टाकते आणि ती खात असताना पेटी बाहेर घेते. परक्या माणसाचा, कुत्र्याला कुरवाळून आलेला हात मात्र नको.

खरंच पाजत नसेल तर

व्यायल्यापासून २४ तास उलटले आणि पोटं रिकामी, तर हात घालायची वेळ आली. पिल्लं ऊबदार असतील तर एक दिवसाचा उपास काढतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका आणि म्हशीचं दूध ड्रॉपरनं पाजायला तर मुळीच बसू नका. ड्रॉपरच्या दुधानं जगलेल्यांपेक्षा नाकातून दूध येऊन मेलेली पिल्लं मी जास्त पाहिली आहेत.

त्याऐवजी मादीला आणा. पेटीत पिल्लांवर तिला अलगद उभी करा, एक तळवा पाठीवर, दुसरा डोळ्यांवर. जोर नको, फक्त आधार. पाच मिनिटं. बहुतेक माद्या पहिल्या मिनिटात अंग चोरतात आणि पिल्लांनी आचळ पकडले की निमूट उभ्या राहतात. पेटीत थांबतच नसेल तर मांडीवर टॉवेल टाकून तिला उताणी घ्या, डोकं काखेत, आणि पिल्लं एकेक करून पोटावर लावा. यासाठी दोन माणसं लागतात. माझ्याकडे सासूबाई मादी धरतात आणि मी पिल्लं लावते. धरणारं माणूस शांत असलं की अर्धं काम होतं. रोज एकाच वेळी, शक्यतो पहाटे. दोन ते चार दिवसांत मादी आपणहून पेटीत जायला लागते. पहिलारू मादीला हे सारं नवं असतं, पुढच्या वेतात तीच मादी तुमच्या मदतीशिवाय आठ पिल्लं वाढवते.

पिल्लं लावताना आचळ दाबून बघा. दूध येत नसेल तर मादी उपाशी, तहानलेली किंवा फार लठ्ठ आहे का ते पाहा. आचळ गरम, टणक, लालसर-निळसर असेल आणि हात लावल्यावर मादी उसळत असेल तर ती दगडी आहे, म्हणजे आचळाचा दाह, गाई-म्हशींना होतो तोच. पशुवैद्याला बोलवा. तिची पिल्लं दुसऱ्या मादीखाली लावू नका, तिलाही दगडी व्हायची भीती असते. आणि मेडिकलमधून आणलेलं अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन तोंडावाटे देऊ नका. ही औषधं पोटात गेली की सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, जीवघेणी हगवण लागते आणि मादी जाते. गुरांचे डॉक्टर कधीकधी घाईत असतात. ससा आहे हे त्यांना पुन्हा सांगायला लाजू नका.

जाळीवर व्याली, केस काढलेच नाहीत

पहिल्या वेतात हे फार होतं, आणि चूक बहुधा पेटीच्या तारखेची असते. नर दाखवल्यापासून ३१ दिवस धरा, एखादा इकडे-तिकडे. पेटी २८ व्या दिवशी आत गेली पाहिजे. २० व्या दिवशी ठेवली तर ती तिचा संडास करते, ३१ व्या दिवशी ठेवली तर ती जाळीवर मोकळी झालेली असते. माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी "चि. ४ – पेटी" असं लिहिलेलं असतं. म्हणजे चिंचिला नंबर चार. चि. म्हणजे चिरंजीव समजून एका पाहुण्यांनी अभिनंदन केलं होतं.

पेटी ठेवण्याआधी मादी कोणत्या कोपऱ्यात घाण करते ते बघा आणि पेटी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवा. माप १८ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. चार किलोच्या मादीला तेवढी पुरे. मोठी पेटी दिली की ती आतच झोपते, आतच मुतते, पिल्लंही पांगतात. हापूसची लाकडी पेटी मापात बसली तर उत्तम. खिळे आत वाकलेले नाहीत ना ते बोट फिरवून पाहा. पुढची फळी सहा इंचांचीच कापा. ही सहा इंचांची फळी फार कामाची. पाजताना काही दचकलं की मादी उडी मारून बाहेर येते आणि आचळाला लटकलेलं पिल्लूही सोबत येतं. फळी असेल तर ते घासून आत पडतं. नसेल तर जाळीवर येतं, आणि सशीण पिल्लू तोंडात धरून परत नेत नाही. मांजर नेते, कुत्री नेते, हिला ते येतच नाही. बाहेर पडलेलं पिल्लू तुम्हीच आत ठेवायचं.

तळाला चार-पाच भोकं पाडा, त्यावर दोन बोटं लाकडाचा भुसा, वर गव्हाचं काड किंवा मऊ वाळलं गवत भरपूर, आणि मधे मुठीनं दाबून खळगा करा. पाचट नको, कडा कापतात. कापूस किंवा गोधडीचे धागे नकोत, पायांना गुंडाळून पाय सुजतो.

दिवस भरले की मादी तोंडात गवत धरून फिरते, दोन्ही बाजूंनी लोंबतं, आबासाहेबांच्या मिशा लावल्यासारखी दिसते. मग पोटाचे, गळ्याखालचे केस उपटून ती अंथरते. पहिलारू मादी कधी व्यायल्यावर उपटते, कधी उपटतच नाही. अशा वेळी तुम्ही उपटा. त्या दिवसांत पोटाचे केस सैल झालेले असतात, चिमटीत धरून हलकं ओढलं की सुटून येतात, तिला दुखत नाही. आचळांभोवतालचे मोकळे केले की पिल्लांनाही आचळ लवकर सापडतात. जुन्या माद्या गरजेपेक्षा जास्त केस काढतात. त्यातले स्वच्छ केस उन्हात वाळवून मी उशीच्या अभ्र्यात भरून ठेवते आणि अशा वेळी वापरते. ही पिशवी ज्याच्या शेडमध्ये नाही त्यानं पहिलारू माद्यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नर दाखवून १७-१८ दिवसच झालेत आणि मादी केस उपटायला लागली, तर ती गाभण नाही. तो खोटा गाभ. दोन-चार दिवसांत शांत होईल, मग पुन्हा नर दाखवा. यासाठीच १२ ते १४ व्या दिवशी पोट चाचपून घ्यायची सवय लावा. आत द्राक्षाएवढ्या गोळ्या बोटांतून निसटल्या की समजायचं.

पिल्लं खाल्ली

ऐकायला भयंकर वाटतं. पण व्यायल्यावर मादी वार खाते, सगळं साफ करते, आणि नवखी मादी त्या भरात मेलेलं पिल्लूही साफ करते. म्हणजे पुष्कळदा पिल्लू आधी मेलेलं असतं. जिवंत पिल्लांचे कान-शेपटी कुरतडलेली दिसली, तर तिथे मात्र कारण शोधायचं.

मी स्वतः केलेली चूक सांगते. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. एका मादीच्या पिंजऱ्यातल्या निप्पलमध्ये, म्हणजे पाणी प्यायच्या तोटीत, क्षार अडकला आणि ती व्यायच्या रात्री पाणी बंद. सकाळी तीन पिल्लं अर्धवट खाल्लेली. मी तिला दोष देत बसले होते, तेवढ्यात नवऱ्यानं निप्पलला बोट लावून दाखवलं, थेंब नाही. आता विण्याच्या आदल्या दिवशी मी निप्पल दाबून बघतेच, शिवाय मातीच्या जड वाडग्यात वेगळं पाणी ठेवते. दूध पाजणारी मादी उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते.

दुसरं कारण भीती. दचकलेली मादी बिळात शिरते, आणि पिंजऱ्यात तिचं बीळ म्हणजे तीच पेटी. फटाका वाजला, मांजर जाळीवर आलं, वरातीचा डीजे गेला की ती पेटीत उडी मारते आणि मागचे पाय आपटते. खाली पिल्लं असतात. चिरडलेली, पोट फुटलेली पिल्लं सकाळी दिसली की लोक "मारली" म्हणतात. खरं तर ती लपायला गेली होती. म्हणून माझा नियम असा, की दिवाळी आणि गणपती विसर्जनाच्या आठवड्यात पहिलारू मादी व्यायला येईल असा नर दाखवायचाच नाही. ३१ दिवस मागे मोजा आणि तो आठवडा सोडा. व्यायच्या सुमाराला पिंजऱ्याला तीन बाजूंनी बारदान लावलं की आणखी शांत राहते.

खाण्यातली कसरही असते. नुसत्या गवतावरच्या मादीला प्रथिनं पुरत नाहीत. १६ ते १८ टक्के प्रथिनांचं गोळी खाद्य, लसूणघास, मिठाची चाटण वीट एवढं असू द्या. सुबाभूळ थोडी चालते, पण तिच्यावर पोट भरू नका, तिच्यातल्या घटकानं केस गळतात. उलट गाभण मादीला लाडानं मका-गहू घालून लठ्ठ केली तर तीही अडचण. लठ्ठ मादी शेवटच्या दिवसांत खाणं टाकते, अडते, कधी दगावते. ३३ वा दिवस उलटला आणि पोट तसंच, तर डॉक्टर.

पिल्लं जास्त किंवा अगदीच कमी

मादीला आचळ साधारण आठ. पहिलारू मादीखाली मी सहा-सातच ठेवते. नऊ-दहा झाली तर जास्तीची दुसरीकडे द्यायची. त्यासाठी दोन-तीन माद्यांना एकाच दिवशी नर दाखवा, त्यातली एक तरी जुनी, दुधाळ असू द्या. वयात दोन-तीन दिवसांहून जास्त फरक नको. पालक आईला तासभर बाहेर काढून नवीन पिल्लं तिच्या केसांत मधोमध पुरायची. ती परत आत येते तोवर सगळ्यांचा वास एक झालेला असतो. सशिणीला मोजता येत नाही हे आपलं भाग्य.

एक किंवा दोनच पिल्लं झाली तर जगवणं उलट अवघड. ढीग होत नाही, ऊब टिकत नाही. तीही दुसरीकडे द्या.

आपल्या हवेत

कोडाईकनालजवळच्या मन्नावनूरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे ससेपालनाचं चांगलं काम चालतं. पण ते थंड डोंगरावर, आणि आपण फलटणमध्ये. पुस्तकातलं "भरपूर बिछाना" इथे मे महिन्यात पिल्लांना शिजवतं. पिल्लांना ढिगात ३०-३२ अंश लागतात, आणि आमची शेड दुपारी दोनला ४० पलीकडे गेलेली असते. तापलेली पिल्लं केसांतून वर येतात, एकमेकांपासून लांब पालथी पडतात, लालबुंद होतात आणि कधी पेटीबाहेर सरकतात. "मादीनं बाहेर काढली" असे उन्हाळ्यातले बरेचसे फोन म्हणजे हेच. दिवसा वरचे केस काढून पिशवीत ठेवा आणि रात्री परत घाला. पेटीची एक बाजू जाळीची करा किंवा दुपारपुरती पेटी शेडमधून काढून घरात थंड फरशीवर ठेवा. खरं तर पहिलारू मादीचं पहिलं वेत एप्रिल-मेमध्ये येऊच देऊ नका.

हिवाळ्यात उलटं. रात्री पेटी घरात न्या, झाकणासारखं पोतं टाका, पहाटे सहाला पिंजऱ्यात ठेवा, मादी पाजून बाहेर आली की पुन्हा घरात. ती दिवसातून एकदाच पाजते, म्हणूनच हे जमतं. उंदीर, घूस, मांजर, धामण या सगळ्यांवरही हाच उपाय.

राहिल्या लाल मुंग्या. वारेचा वास आला की तासाभरात रांग लागते आणि केस नसलेल्या पिल्लाला त्या रात्रीत संपवतात. पिंजऱ्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, पाण्यात जळकं ऑइल चार थेंब. आणि लोंबणारी गवताची काडी भिंतीला टेकलेली नाही ना ते बघा. माझ्याकडे वाट्या होत्या, काडी टेकली होती, आठच्या आठ गेली.

पुढचे दिवस

व्यायल्यावर पहिल्या सकाळी मोजणी करा, मेलेली पिल्लं, वार, रक्तानं भिजलेले केस काढा. नंतर रोज सकाळी पोट बघणं, आणि जमलं तर पिठाच्या डिजिटल काट्यावर दोन-तीन पिल्लांचं वजन. आठवड्याच्या आत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. मागे पडलेलं पिल्लू असेल तर त्याला पाजायच्या वेळी दोन मिनिटं आधी एकट्याला लावा, बाकीची भांडायला यायच्या आत.

चार-पाच दिवसांत लव दिसायला लागते, १० ते १२ दिवसांत डोळे उघडतात. बाराव्या दिवशी एखाद्याचे मिटलेलेच असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पुसा, चिपड सुटली की पापणी आपणहून उघडते. तिथे पू असेल तर बिछाना ओला आहे असं समजा आणि सगळा बदला, केस तेवढे ठेवा. १८-२० दिवसांनी पेटी काढून टाका. उन्हाळ्यात पंधराव्या दिवशी काढली तरी चालते. उशीर केला तर ती पेटी म्हणजे मुतारी होते आणि तिथूनच पिल्लांना हगवण लागते.

आईचं दूध तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं, तेव्हा तिचं खाद्य तोडू नका. महिना-पस्तीस दिवसांनी पिल्लं वेगळी करा, आणि पिल्लांना नव्या पिंजऱ्यात नेण्यापेक्षा आईलाच हलवा. पिल्लं ओळखीच्या जागी राहिली की बिचकत नाहीत. पहिलारू मादीला लगेच नर दाखवायचा मोह टाळा, पिल्लं तोडल्यावर वजन भरून आलं की मगच.

आणि ज्यांनी पहिलं वेत गमावलं आहे त्यांनी मादी विकायची घाई करू नये. पेटी, पाणी, तारीख तपासून दुसरी संधी द्या, त्यातही गेलं तर तिसरी. सगळं जागेवर असताना तिसऱ्या वेतालाही तिनं पिल्लं जाळीवरच टाकली, तर तिला ठेवू नका आणि तिच्या मुलीही पैदाशीला ठेवू नका. माझ्या २२ माद्यांमध्ये आजवर अशा दोनच निघाल्या.

फोन करायचाच असेल तर आधी तीन गोष्टी बघून करा : नर कोणत्या तारखेला दाखवला, निप्पलला पाणी येतंय का, आणि पिल्लांचं पोट कसं दिसतं. आणि शक्यतो सातनंतर. सहा वाजता माझ्या हातात कुणाची तरी पेटी असते.